पाया पाहायला आलेले मिस्त्री

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बैठ्या घरावर दोन मजले चढवायचं ठरलं, तेव्हा पाया वजन पेलेल का ते पाहायला सिल्लोडकडचे एक वयस्कर मिस्त्री आले होते. एकदाच आले आणि नाव विचारायचं राहून गेलं. पण माणूस अजून डोळ्यांसमोर आहे. चपला दारात काढून आत आले. कोपऱ्यात खणलेल्या खड्ड्यात उतरून पायाच्या दगडांवरून हात फिरवला, तोही सावकाश, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मग मी नकाशा उलगडला. आईची खोली सगळ्यात वर होती, भरपूर हवा येणारी. त्यांनी नकाशा पाहिला आणि ओसरीत मेथी निवडणाऱ्या आईसमोर जाऊन खाली बसले.

"अम्मा, दिवसभर कुठं बसता?"

"इथंच. येणारी-जाणारी माणसं दिसतात."

"गुडघे?"

"दुखतात की."

ते माझ्याकडे वळले. "साहेब, पाया लई मजबूत हाय. दोन मजले आरामात पेलंल. पण वर नुसती हवा हाय, माणसं नाय. अम्माची खोली खालीच ठेवा."

बांधकाम पुढं दुसऱ्यांनी केलं, पण नकाशा मी बदलून घेतला. आई शेवटची चार वर्षं रस्त्याकडच्या खोलीत राहिली, खिडकीतून भाजीवालीशी, शेजारणींशी तासन् तास बोलत.

नकाशा बदलला त्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, "आई, तू आधी सांगायचंस ना."

मेथीची जुडी सोडत ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही कुणी विचारलंच कुठं? त्या मिस्त्रीनं विचारलं."