मामाजींची यकृतभक्ती

यकृतावर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. मामाजी केशोरीचे, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी ना माझी नोकरी विचारली, ना शेती. चहा आला तसे म्हणाले, "किड्यांले मारासाठी झाडानं बनवलेलं इख आहे हे. घ्या." मी मुकाट्याने कप रिकामा केला. "पाहा, झालं काही? आत यकृत बसलं आहे," म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली. लग्न तिथेच ठरलं.

त्यांच्या मते जगातलं प्रत्येक झाड आपल्या जिवावर उठलेलं असतं. पळता येत नाही म्हणून ते पानांत विष साठवतं, आणि पाला खाणाऱ्यांचं यकृत पिढ्यान्‌पिढ्या ते विष मोडणारी नवी नवी विकरं घडवत राहतं. वांग्याची भाजी वाढतानाही ते हे सगळं सांगत, तोवर भाजी थंड होई. बकरी दिसली की सरळ हात जोडत. सासूबाईंच्या लाडक्या मांजरीची मात्र त्यांना कीव यायची. "हिच्या खानदानात कोणीच पाला नाही खाल्ला. मंग यकृत शिकन कायले?" सासूबाई लक्ष न देता स्वयंपाकघराच्या दारातून तिला हाक मारून मासा घालत.

यंदा उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. काही दिवसांनी मांजर तापाने फणफणून कोपऱ्यात पडली. खाणंपिणं बंद. माझ्या बायकोने तापाची गोळी दुधात कुस्करली, तर मामाजींनी वाटी हिसकून मोरीत ओतली. "आपलं यकृत ही गोळी मोडते, हिचं नाही मोडत. मारून टाकतं का हिले? तुह्या मायचं एवढंच राहिलं घरात."

मांजरीला पिशवीत घेऊन ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. अर्जुनीच्या गुरांच्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत ते यकृतावर एक अक्षर बोलले नाहीत. इंजेक्शनं झाली, ताप उतरला. आयुष्यभर मासळीला हात न लावलेले मामाजी बाजारातून मासे घेऊन आले आणि काटे काढत बसले. असा माणूस सासरा मिळाला याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

मांजर अजून खायला उठेना. मामाजींनी मुलीला विचारलं, "तुही माय हिले काय म्हणून बलावे? मी कधी ध्यानच नाही देल्लं."

"चिमी."

"चिमी," मामाजी हळूच म्हणाले. मांजरीने मान उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग आम्ही तिघांनीही पाहिलं.