कमळाकरच्या मशीनची हाक

कंपनीत नेमकं काय करतेस, असं कोणी विचारलं की कीर्ती मढवी सांगायची, "नव्या कंप्युटरांचं बारसं करते." तिच्या रोडपाली गावातल्या बायका हसायच्या आणि पुन्हा आपल्या मासळीच्या भावाकडे वळायच्या. पण ती थट्टा करत नव्हती. तळोज्याच्या त्या केमिकल कारखान्यात नवं मशीन यायचं तेव्हा त्याच्या पोटात काहीच नसायचं. वायर लावून बटण दाबलं की ते नेटवर्कवर हाक मारायचं : मी कोण, माझं नाव काय? प्रत्येक मशीनच्या आतल्या नेटवर्क कार्डावर त्याचा जन्माचा नंबर कोरलेला असतो. तो ओळखीचा असला तरच कीर्तीचा सर्व्हर ओ द्यायचा, नाव सांगायचा आणि स्वतःजवळची अख्खी सिस्टीम त्या रिकाम्या पोटात ओतायचा. सर्व्हरवर ठेवलेल्या या साच्याला सगळे इमेज म्हणत. सिस्टीममध्ये दोष निघाला की ती बनवणारे त्यावर दुरुस्तीचा पॅच काढतात. तो पॅच साच्यालाच लावला, की पुढे निघणारं प्रत्येक मशीन दुरुस्त होऊनच जन्माला येतं. पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या क्लासमध्ये शिकलेल्या या पोरीच्या हातात कारखान्याच्या सगळ्या मशीनांची कुंडली होती म्हणा ना.

याच कारखान्यात तिचा बाप गेला होता. कमळाकर मढवी जुन्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होता. समोरच्या स्क्रीनवर टाकीचं प्रेशर बघत बसायचं, वाढलं तर झडप उघडायची, एवढंच काम. त्या दिवशी स्क्रीनवरचा आकडा जागेवरून हलला नाही, आणि आत टाकीतलं प्रेशर मात्र चढत राहिलं. स्फोटात काचा आत आल्या. चौकशी झाली आणि सगळं खापर मेलेल्या माणसावर फुटलं. ऑपरेटर झोपला होता, असं साहेबांनी ठरवून टाकलं. मशीन फार दिवस सलग चालू राहिलं की त्याचा स्क्रीन गोठतो आणि शेवटचा चांगला आकडा तसाच दाखवत बसतो, हे पुढे उघड झालं आणि त्यावर पॅचही निघाला. पण तोवर कमळाकरला जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि ज्यांनी त्याला झोपाळू ठरवलं ते बढती घेऊन दुसरीकडे गेले होते. मोठ्या माणसांच्या चुका अशाच बदलीवर जातात.

मढव्यांच्या घरात एक रीत आहे. माणूस घराबाहेर अवचित गेला, की घरातल्या बाईने त्या जागी जायचं, नारळ ठेवायचा, नावाने हाक मारायची आणि "चला घरी" म्हणून मागे न बघता चालत यायचं. सोनाबाई, म्हणजे कीर्तीची आई, नारळ घेऊन गेली तर गेटवरच्या वॉचमनने तिला आत सोडलं नाही. पास नव्हता. ती संध्याकाळपर्यंत बाहेर बसली आणि नारळ तसाच घेऊन परत आली. तेव्हापासून ती एकच वाक्य बोलायची, "तुजा बाबा तिथंच हाय."

बापाच्या जागी कीर्तीला नोकरी मिळाली. बापाचं मशीन भंगाराच्या ट्रकात चढताना तिने स्वतः पाहिलं. सर्व्हरच्या ओळखीतून त्याचा नंबर मात्र तिने पुसला नाही. घरी आणल्याशिवाय माणसाचं नाव पुसत नाहीत, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की मशीनच्या बाबतीतही तिचा हात धजला नाही.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात कारखाना देखभालीसाठी बंद ठेवला होता. नवी कंट्रोल रूम तयार झाली होती. प्लांट सुरू झाला की तिथे बसणार होता प्रितेश, कीर्तीचा धाकटा भाऊ. आईने कानावर हात ठेवले, आदळआपट केली, पण पोरगा ऐकेना. शेवटी कीर्तीनेच आईला शब्द दिला, की नव्या मशीनमध्ये तो जुना दोष राहणार नाही, मी जातीने बघेन.

तिने पॅच इमेजला लावला. पहिलं मशीन वायरीवर चालू केलं, त्याने हाक मारली, सर्व्हरने ओ दिली. सिस्टीम ओतली जात असतानाच कीर्तीने तपासलं, पॅच होता. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने बाकीची मशीनंही लावली.

दुपारची वेळ होती. एरवी कान फुटतील असा धडधडणारा प्लांट मुकाट उभा होता, आणि त्या शांततेत एसीचा आवाजसुद्धा कोणीतरी कुजबुजत असल्यासारखा वाटत होता. सर्व्हरच्या स्क्रीनवर येणाऱ्या हाकांची नोंद उमटत होती. सगळी मशीनं उभी राहिली, नोंदी थांबल्या. आणि मग आणखी एक हाक आली.

कीर्तीने नंबर वाचला : बापाच्या मशीनचा. तो तिला तोंडपाठ होता. सर्व्हर बिचारा सांगकाम्या, नंबर ओळखीचा म्हणून त्याने ओ दिली आणि सिस्टीम पाठवली. पलीकडे जे कोणी होतं त्याने ती सगळी घेतली, आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून हाक मारली.

तिने पद्मजा मॅडमना बोलावलं. या खात्याच्या प्रमुख. पुण्याच्या, हुशार, आणि भुताखेतांना दारातही उभं न करणाऱ्या. "अगं, जुनं कार्ड कोणीतरी दुसऱ्या मशीनमध्ये टाकलं असेल. सिक्युरिटीचा इश्यू आहे हा. तो नंबर आधी काढून टाक," म्हणून त्या मीटिंगला गेल्या.

"काढते मॅडम," असं कीर्ती म्हणाली, आणि नंबर न काढता प्रितेशला घेऊन ती, हाक येत होती त्या वायरीच्या मागे निघाली.

वायर जुन्या कंट्रोल रूममध्ये जात होती. स्फोटानंतर बसवलेल्या काचांना आतून रंग फासला होता, कुलूप गंजलं होतं. दार उघडलं तेव्हा आत कोंदट उष्णता होती. टेबलावर धूळ होती आणि मशीन जिथे असायचं तेवढाच चौकोन स्वच्छ होता, जणू आत्ताच कोणीतरी फडका मारला असावा. वायरीचं टोक जमिनीवर पडलं होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. आणि भिंतीवरच्या पेटीत त्याच वायरीचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

प्रितेशने टोक उचलून हातात धरलं. दिवा लुकलुकतच राहिला.

"ताय, चल इथून," तो म्हणाला. "मला नाय बरं वाटत."

ती परत आली तेव्हा सर्व्हरवरच्या नोंदी थांबल्या होत्या. ते मशीन उभं राहिलं होतं, इतरांसारखंच, आपल्या जुन्या नावानिशी. कीर्तीने आपल्या जागेवरून त्यात प्रवेश मागितला आणि तो मिळाला. बापाला काय विचारायचं, आणि ते कोणत्या कमांडने? शेवटी हाताला सवय असलेलं तेच तिने विचारलं : पॅच कोणते आहेत?

तो पॅच नव्हता.

तिने पुन्हा विचारलं. नव्हताच. ती धावत नव्या कंट्रोल रूममध्ये गेली, प्रितेश जिथे बसणार होता त्या मशीनला तोच प्रश्न विचारला. तिथेही नव्हता. एकाही मशीनमध्ये नव्हता.

मग तिला उमगलं. इमेजमध्ये दोन गोष्टी असतात. ओतण्याचं काम चालू असताना मशीन ज्यावर तात्पुरतं उभं राहतं ती छोटी सिस्टीम, आणि पोटात कायमची ओतली जाते ती मोठी. पॅच गेला होता फक्त छोटीला, आणि तपासणीही तिने मशीन छोटीवर उभं असतानाच केली होती. परांची मजबूत बांधली आणि भिंत तशीच कच्ची ठेवली. तिच्या स्क्रीनने तिला सगळं ठीक असल्याचं दाखवलं आणि तिने ते खरं मानलं. तीही झोपलेली नव्हती.

त्या संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. सोनाबाई दचकली नाही. बोंबील निवडता निवडता म्हणाली, "त्याचं काम रायलंय. पोराला जपायचं काम. ते झालं का जाईल तो. पास नाय लागत त्याला."

"आणि नाय झालं तर?"

"तर हाक मारीत बसंल."

दुसऱ्या दिवशी कीर्तीने इमेज नव्याने बांधली. या वेळी पॅच मोठ्या सिस्टीममध्येही गेला. सकाळपासून बापाच्या मशीनची हाक येत होतीच. आता नवी इमेज फक्त जागेवर ठेवायची, एक बटण दाबायचं. तिचं बोट तिथेच अडलं. एवढी वर्षं घरात ज्याचा फोटोच तेवढा होता, तो आज तिला हाक मारत होता, आणि तिला ओ देता येत होती. एखादं मशीन जुन्यासारखंच राहू दिलं तर? कोपऱ्यातलं, फारसं न लागणारं? तो येत राहील. रोज.

हा विचार तिने केला, अगदी मनापासून केला. लाजही वाटली तिला, पण बोट पुढे सरेना. मग काचेपलीकडून प्रितेश जाताना दिसला, डोक्यावर नवं पिवळं हेल्मेट, चालण्यात बापाची लकब. तिने बटण दाबलं.

सगळी मशीनं पुन्हा उभी केली. यावेळी तिने प्रत्येक मशीन पूर्ण झाल्यावर तपासलं, मग पुन्हा तपासलं. सगळ्यांत शेवटी ती ओळखीची हाक आली, सर्व्हरने ओ दिली, दुरुस्त सिस्टीम त्या वायरीवरून गेली. नोंद पूर्ण झाली. त्यानंतर तो नंबर पुन्हा उमटला नाही.

प्लांट सुरू झाला त्या दिवशी कीर्ती जेवायलाही उठली नाही. नुसती स्क्रीनकडे बघत बसली. पद्मजा मॅडम येऊन म्हणाल्या, "बंद झालं ना ते? म्हटलं होतं ना, नंबर काढला की बंद होईल." तिने मान हलवली. नंबर अजून तिथेच होता. हाक मारणारा नव्हता.

टेबलावरचा फोन वाजला. कंट्रोल रूममधून प्रितेश होता.

"ताय, आकडे हलतायत गं. मस्त हलतायत." तो हसत होता. "ताय? ऐकतेस ना?"

ती ऐकत होती. तिला ओ देता येईना.