नियमकाका आणि एक ‘पासून’

नियमकाका कानडी शिकले ते व्याकरणाच्या पुस्तकातून. सगळे अपवाद पाठ झाल्यावरच त्यांनी आमच्या जे. पी. नगरातल्या भाजीवालीसमोर तोंड उघडलं. ती थोडा वेळ ऐकून मुकाट्याने हिंदीवर आली. काकूंनी मात्र एकही नियम न शिकता, ऐकून ऐकून कानडी उचललेली. त्या तिच्याशी तासभर बोलत बसत. तुझी काकू चुकीचं बोलते, असं काका मला सांगत. भाजी अर्थातच काकू आणत.

काकांचं आयुष्य सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेलेलं. “आधी नियम, मग हात” हे त्यांचं पालुपद. नवा कुकर आणला तेव्हा त्याचं माहितीपत्रक वाचून होईपर्यंत घरात भात शिजला नव्हता. शेजारीण म्हणून मला हे सगळं ठाऊक होतं, तरी माझा एम.एड.चा प्रबंध मी या माणसाच्या हाती दिला.

प्रबंधासाठी इंग्रजीचे दोन वर्ग एकाच वेळी चालवायचे होते. एका गटाला व्याकरणाचा नियम आधी सांगायचा. दुसऱ्याला नुसती वाक्यं द्यायची, नियम त्यांचा त्यांनी शोधायचा. शेवटी दोघांना एकच परीक्षा. मराठी मंडळाने शेजारशेजारच्या दोन खोल्या दिल्या, पण दुसरा शिक्षक काही मिळेना. काका आपणहून आले. वाक्यं वाचा आणि गप्प बसा, एवढंच काम आहे, हे मी त्यांना हजारदा बजावलं. ते कानडीत “सरी, सरी” म्हणाले, म्हणजे बरं, बरं.

सुरुवातीला ते खरंच गप्प बसले, ओठ घट्ट मिटून. मग ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ आलं. आपल्याकडे दोन्हीला ‘पासून’च, त्यामुळे अख्खा गट ‘सिन्स टू इयर्स’ म्हणून मोकळा. त्यात निपाणीची सुनंदा होती. तिला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका ऑफिसात रिसेप्शनवर लागायचं होतं. ती म्हणाली, “काका, स्वल्प नियम सांगा की. उद्या इंटरव्ह्यू हाय माझा.”

पलीकडच्या खोलीतून मला खडू आपटल्याचा आवाज आला. धावत गेले तोवर फळ्यावर नियम होता, त्याखाली अपवादही होते, आणि सगळे भराभर उतरवून घेत होते. माझं वर्ष पाण्यात गेलं होतं. मी सगळ्यांदेखत ओरडले.

“तुझा प्रबंध पुढच्या वर्षी होईल,” काका म्हणाले. “तिचा इंटरव्ह्यू उद्या आहे.”

संताप याचा, की सुनंदा इंटरव्ह्यूत घाबरून ‘सिन्स टू इयर्स’च म्हणाली आणि तरीही तिला नोकरी लागली. ती पेढे घेऊन आली. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि तिला नियम पुन्हा समजावला. मी पेढा घेतला नाही.

मार्गदर्शक बाईंनी सगळं पहिल्यापासून करायला लावलं. नव्या वर्गासाठी मी काकांना बोलावलं नाही. त्याच सुमारास काका-काकू पुण्याला मुलाकडे राहायला निघाले. रिक्षात बसल्यावर काका म्हणाले, “राग गेला की ये. आधी फोन कर.”

प्रबंध झाला. दोन्ही गटांत सांगण्यासारखा काही फरक निघाला नाही. एवढ्यासाठी माझं एक वर्ष घालवलंत, असं काकांना फोन करून चांगलं सुनावायचं मी ठरवत होते, तेवढ्यात पुण्याहून काकूंचाच फोन आला. राग अजून गेलेला नाही. काका गेले; आता भांडू कोणाशी?