रोडपालीची सात दहाची फेरी

रोडपालीच्या नव्या सेक्टरमध्ये बसथांब्याचा खांब रोवला, त्याला चार पावसाळे उलटले, पण बस काही आली नाही. लोक त्या खांबाला सायकली बांधायचे. सॅम्युअल आपटेकरांनी मात्र तो खांब मनावर घेतला, आणि त्याला कारण होती त्यांची बायको.

इलाना पनवेलच्या एका इस्पितळात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. हजेरी पावणेआठची. एवढ्या सकाळी एकट्या बाईसाठी हायवे ओलांडायला रिक्षावाले राजी नसत, म्हणून ती सर्व्हिस रोडच्या कडेकडेने नाक्यापर्यंत चालत जायची. पोलादबाजार जवळच, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रेलर उभे. मागच्या फेब्रुवारीत एका ट्रेलरचा आरसा तिच्या खांद्याला लागला आणि ती गटारात पडली. हात दोन ठिकाणी मोडला. दोन महिन्यांनी ती त्याच रस्त्याने कामावर जाऊ लागली, तेव्हा ती वळणाआड होईपर्यंत सॅम्युअल गॅलरीत उभे राहायचे. "पोचले" असा फोन आल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

तीस वर्षं बंदरात टॅली क्लार्क म्हणून काढलेला हा माणूस. कंटेनर मोजायचे, ट्रेलर धक्क्याला लावून घ्यायचे, हेच आयुष्य. आरडाओरडा स्वभावात नव्हता. त्यांनी एक वही घेतली आणि रोज सकाळी खांबापाशी उभे राहून चालत हायवेकडे जाणारी माणसं मोजायला सुरुवात केली. ती वही घेऊन परिवहनच्या ऑफिसात खेटे घातले. अकरा महिन्यांनी एका महिन्यासाठी बस मिळाली, तीसुद्धा चाचणी म्हणून. सकाळी सात दहाच्या फेरीला चाळीस माणसं दिसली तर बस कायम, नाहीतर बंद.

पहिला आठवडा बस भरून गेली. इलाना खिडकीशी बसून गेली, तेव्हा सॅम्युअलना कित्येक दिवसांनी नाश्ता गोड लागला. दुसऱ्या आठवड्यात मात्र बस येईनाशी झाली. सेक्टरमध्ये शिरायला मोठा रस्ता एकच, आणि त्याच्या वळणावर ट्रेलर लागू लागले. भावेश हा नवा, कंत्राटावरचा ड्रायव्हर. गाडीला ओरखडा आला तर नोकरीवर गदा, म्हणून तो हायवेवरूनच बस फिरवायचा. आत थांब्यावर माणसं ताटकळायची, आणि ऑफिसात नोंद व्हायची, 'प्रवासी नाहीत'.

सॅम्युअल पहाटे साडेपाचपासून वळणावर उभे राहू लागले. ट्रेलर आला की हात आडवा करायचे. एकदा एका ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवून गाडी त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर आणली. "हट जा बुड्ढे!" सॅम्युअल हलले नाहीत.  तो ट्रेलर मागे गेला, पण रोज सगळेच हटत नसत, आणि आकडे काही वर आले नाहीत. शेवटी ऑफिसातून निरोप आला की महिन्याच्या अखेरच्या शनिवारी निरीक्षक स्वतः बसमधून येतील, आणि ते लिहितील ते अखेरचं.

"आज शनिवार आहे," त्या सकाळी इलाना म्हणाली. शनिवारी तिला सुट्टी असायची. ते दोघं बेने इस्राएली, म्हणजे इथले मराठी ज्यू. शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सॅम्युअल वहीला हात लावत नसत आणि वाहनातही बसत नसत. "एक दिवस तरी देवाचा ठेवा."

"नुसतं उभं राहायला कसली मनाई?" ते म्हणाले आणि जिना उतरले.

ते वळणावर पोचले. लोखंडी पत्र्याची भलीमोठी गुंडाळी लादलेला एक ट्रेलर रस्त्यात आडवा बसला होता. अ‍ॅक्सल मोडला होता. क्लीनर म्हणाला, क्रेन दहाच्या आत येणार नाही. माणसाला दम देता येतो. मोडक्या अ‍ॅक्सलला काय सांगणार?

सात वाजून आठ मिनिटांनी बस वळणाच्या तोंडाशी येऊन थांबली. मागे आत, थांब्यावर, पन्नासाच्या वर माणसं उभी होती. निरीक्षक खाली उतरले, ट्रेलर पाहिला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"वीस मिनिटं थांबतो. आकडा थांब्यावर चढणाऱ्यांचाच धरणार. मग मला पुढची फेरी बघायची आहे."

"साहेब, गावातून वाट आहे," सॅम्युअल म्हणाले.

"बस जाईल?"

"मोकळी केली तर जाईल."

बोलून गेले खरे, पण त्या वाटेवर पाऊल टाकताना त्यांना लाज वाटत होती. रोडपालीचं जुनं गाव कोळ्यांचं. गावची गल्ली मागच्या बाजूने सेक्टरमध्ये उतरते, आणि तिच्या दुतर्फा सुकट, बोंबील वाळत असतात. दोन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या सेक्रेटरी वसुंधराताईंनी 'दुर्गंधीबाबत' महापालिकेला अर्ज केला होता. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. चौथी सही सॅम्युअलची.

गल्लीत सोनाबाई बोंबील वाळवायची वलांडी, म्हणजे बांबूंची मांडणी, लावत होत्या. त्यांचा शब्द गावात चालायचा. सॅम्युअलनी धापा टाकत सगळं सांगितलं. सोनाबाईंनी हात थांबवला नाही.

"त्या कागदावर तुमची बी सही हाय ना? नातीनं वाचून दावला."

"आहे."

"मंग? आज आमचा वास नाय येत?"

सॅम्युअलना खोटं बोलवेना. "चूक झाली माझी," एवढंच ते म्हणाले. "सही मी मागे घेईन. तुम्ही बस जाऊ दिली नाहीत तरी घेईन."

सोनाबाईंनी आता मान वर केली. "बस गावात थांबली पायजे. आनि म्हावऱ्याची पाटी घेऊन चढू दिलं पायजे. आमी बी पनवेलच्या बाजारात चालतच जातो."

"ते माझ्या हातात नाही, सोनाबाई. पण साहेबांसमोर मी बोलेन. नक्की बोलेन."

सोनाबाईंनी हातातले बोंबील खाली ठेवले. मग कमरेला पदर खोचून अशी काही हाळी दिली की दोन्ही अंगांची दारं उघडली. वलांड्या उचलल्या गेल्या, मोटारसायकली ओट्यावर चढल्या. सोनाबाईंचे यजमान गणू जाळं विणत बसले होते, ते पुटपुटतच उठले आणि जाळं ओढून घरात घेतलं.

बस गल्लीत शिरली तेव्हा घड्याळात पाच मिनिटं उरली होती. सॅम्युअल तिच्यापुढे उलटे चालत होते, दोन्ही हात वर. "येऊ दे... येऊ दे... डावीकडे मार... बस, सरळ." पत्र्याच्या वळचणी बसच्या टपाला घासता घासता राहत होत्या. पोरंसोरं आयांनी आत ओढून धरली होती. 

गणूंच्या घराशी गल्ली वाकते. तिथे एका बाजूला ओट्याचा कोपरा, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. भावेशने ब्रेक दाबला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"काका, नाही निघणार. आरशात जागाच दिसत नाही."

"आरशात बघू नकोस. माझ्याकडे बघ. बंदरात याच्या दुप्पट लांबीच्या गाड्या लावून घेतल्यात मी. माझा हात हलेल तेवढंच चाक हलव."

बस तसूतसूने पुढे सरकली. खांब आणि बसची कूस यांत चार बोटांची फट होती. पुढचा भाग निघाला, मधला निघाला, आणि मागचा कोपरा ओट्याला घासला. कर्रकन आवाज झाला. प्लास्टरचा मोठा ढलपा खाली पडला. भावेश जागीच थिजला. खिडकीतून निरीक्षकांचं डोकं बाहेर आलं. सगळे गणूंकडे बघू लागले.

गणूंनी फुटलेला कोपरा पाहिला, सॅम्युअलना पाहिलं, आणि बसवर जोरात थाप मारली.

"जाव दे! ओटा काय, परत बांधू!"

सात अठ्ठावीसला बस थांब्यावर पोचली. त्रेपन्न माणसं चढली. निरीक्षकांनी आकडा लिहिला आणि सॅम्युअलना विचारलं, "तुम्ही नाही येत?"

"आज शनिवार, साहेब. आज बसत नाही. पण दोन मिनिटं बोलायचं आहे." आणि दाराच्या पायरीशी उभे राहून त्यांनी गावचा थांबा आणि म्हावऱ्याची पाटी, दोन्ही गोष्टी सांगितल्या. निरीक्षक हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सॅम्युअलच्या हातामागे बस त्याच गल्लीतून हायवेकडे परतली. मग सॅम्युअल गणूंच्या फुटक्या ओट्यावर जाऊन बसले. पायाशी पडलेला प्लास्टरचा ढलपा त्यांनी उचलून बाजूला ठेवला.

दीड महिन्याने हुकूम आला. बस कायम झाली. पण वळण भरवशाचं नाही आणि गल्ली धोक्याची, सबब बस हायवेवरून गावच्या मैदानापर्यंतच येईल आणि तिथूनच वळेल. म्हावऱ्याची पाटी झाकण लावलेली असेल तर पहिल्या फेरीला चालेल. सेक्टरमधला थांबा रद्द.

सोसायटीत सॅम्युअलना फार ऐकून घ्यावं लागलं. "दारातला थांबा घालवलात आणि त्यांच्या अंगणात नेऊन ठेवलात," असं वसुंधराताई बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्याच बैठकीत सॅम्युअलनी आपली सही मागे घेतल्याचं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा तर शेजाऱ्यांनी बोलणंच टाकलं. सॅम्युअलना ते लागलं. तीन आठवडे ते लिफ्टऐवजी जिन्याने येत-जात होते. पण रोज सकाळी इलाना गल्लीतून आठ मिनिटं चालायची आणि त्या आठ मिनिटांत तिला एकही ट्रेलर भेटायचा नाही. ती वेळेवर पोचायची. गॅलरीत उभं राहायची गरज उरली नव्हती, तरी सवय लवकर सुटली नाही.

श्रावणातल्या एका सकाळी वसुंधराताई मैदानावर आल्या. त्यांच्या मुलीची पनवेलला परीक्षा होती आणि रिक्षा मिळाली नव्हती. नाकाला रुमाल न लावता, पण सगळ्यांपासून जरा लांबच, त्या आणि मुलगी छत्रीत उभ्या राहिल्या. इलानाला सोडायला आलेल्या सॅम्युअलनी मान लववली. वसुंधराताईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

थांब्याच्या पत्र्याखाली बसलेल्या सोनाबाईंनी आपली पाटी पायाने सरकवली.

"इकडं या बाय, पत्र्याखाली," त्या म्हणाल्या. "तितं चिखल हाय. आनि बस आली का चिखलच उडवते."

वसुंधराताई क्षणभर घुटमळल्या. मग मुलीचा हात धरून पत्र्याखाली आल्या.