पोलंडच्या रेकॉर्डी आणि नगरचे रसिक

बांगलादेशच्या लढाईनंतरच्या वर्षी आमच्या नगरच्या वाचनालयात पोलंडच्या वकिलातीकडून एक खोकं भेट आलं. आत वीस-बावीस रेकॉर्डी: तिकडचं अभिजात संगीत, जाझ, चर्चमधलं समूहगान. वाचनालयाचे अध्यक्ष शहरातले बडे वकील. त्यांनी खोक्यावरची परदेशी तिकिटं स्वतःसाठी काढून घेतली आणि खोकं माझ्या टेबलाखाली ढकललं. मी तिथे ग्रंथपाल होते. बाई असल्यामुळे चहाचंही मीच बघायचं.

लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक क्लॅरिनेटवाले रोज दुपारी पेपर वाचायला येत. त्यांना खोकं दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी ते सायकलवर आपला रेकॉर्डप्लेअर बांधून घेऊन आले. जाझ ऐकून मला भांडी पडल्यासारखं वाटलं. मग त्यांनी समूहगान लावलं. पेटी नाही, तबला नाही, नुसते बायकांचे आवाज. एकीचा स्वर दुसरीच्या स्वराला खालून उचलून धरत होता. पुस्तकांना कव्हरं घालणारा माझा हात थांबला. महिनाभरात मला जाझही कळू लागलं.

मग कलेक्टरसाहेबांना संगीताची आवड आहे असं अध्यक्षांच्या कानावर आलं, आणि त्यांनी लगेच श्रवणसंध्या ठरवली. पुढच्या रांगेत डॉक्टर, प्राध्यापक, दोन साखर कारखान्यांचे संचालक. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने जाझची छोटी रेकॉर्ड लावली, ती चुकीच्या वेगावर. सॅक्सोफोन आजारी म्हशीसारखा हंबरू लागला. लोक डोळे मिटून माना डोलवत होते.

"काय हे गांभीर्य," अध्यक्ष म्हणाले. "अगदी आपला विलंबित ख्याल."

मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, "साहेब, वेग चुकलाय."

"बाई, तुम्ही चहाचं बघा."

तेवढ्यात क्लॅरिनेटवाले उठले. "साहेब, ही पंचेचाळीसची हाय, तुमी तेहतीसवर लावली," असं म्हणून त्यांनी खटका सरकवला. सूर एकदम उसळून वर आला. सभागृहात चुळबूळ झाली. प्राध्यापक म्हणाले, "मघाचंच जास्त भारदस्त होतं." कलेक्टरांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्षांनी खटका पुन्हा मागे ओढला, आणि ते सगळे गृहस्थ निवांतपणे त्या हंबरण्याकडे परतले. मी चहा दिला. इतका तिटकारा मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

आठवडाभरात रेकॉर्डी काचेच्या कपाटात गेल्या. वर पाटी: 'हात लावू नये'. किल्ली माझ्याकडेच राहिली, कारण किल्ल्या सांभाळणं हे अध्यक्षांच्या लेखी हलकं काम होतं. क्लॅरिनेटवाले आणि मी सहा वर्षं त्या रेकॉर्डी झिजवल्या. वर्गणीदारांपैकी एकानेही कधी त्यांची चौकशी केली नाही.

अध्यक्ष वारले तेव्हा समितीने शोकठराव लिहून आणला. त्यात 'पाश्चात्य संगीताचे मर्मज्ञ' असे शब्द होते. मी त्यातलं शुद्धलेखन तेवढं सुधारलं आणि कागद छापखान्यात पाठवून दिला.