मशीनला सांभाळा, मावशी

दुष्काळाच्या उन्हाळ्यात केजकडच्या एका दूध सोसायटीच्या सर्व्हरवर मी अंबाजोगाईत बसून नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवत होतो. तिकडे दूध मोजणाऱ्या मावशी एकट्याच होत्या. "मशीनला सांभाळा," एवढंच मी त्यांना सकाळी सर्व्हरबद्दल बजावलं होतं.

भर दुपारी सर्व्हर रीस्टार्टला गेला आणि परत येईचना. मी फोन लावला.

"मावशी, मशीन चालू आहे ना?"

"हाय की. लई तापलंय बिचारं. दुधाच्या कॅनला लावतो तसं ओलं पोतं लावलंय."

"मशीनवर पाणी?" मी खेकसलो.

"येडी समजता का मला? पोतं खिडकीला टांगलंय, सुकलं की तांब्यातलं पाणी मारते. गार वारं लागतंय त्याला."

मी ओशाळलो, तोच पडद्यावर लॉगिनची ओळ उमटली. नवी सिस्टीम घेऊन सर्व्हर ठणठणीत परतला होता! ऑफिसात शिट्टी मारायची नसते, मी मारली.

"मावशी, आला!"

"मंग झालं समदं काम?"

"झालं."

"बरं झालं. टँकर उद्या येणार हाय. तांब्यात उरलंय तेवढं आता मी पिऊन घेते."