गुलाबभाई कधीच नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सांगितलंय, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. गुलाबभाई बाइंडरचा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत सांगितलाय, एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलाय, माझ्याच निरोप समारंभात माइक हातात घेऊन सांगितलाय. लोक पोट धरधरून हसलेत. आज मी तो नेहमीच्या जागी थांबवणार नाही. तुम्हाला हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या.

दुष्काळाचं साल होतं. श्रीरामपूरहून बेलापूरच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी ग्रंथपाल. वाचनालय म्हणजे एक खोली, तीन कपाटं, पेपर वाचणाऱ्यांसाठी एक लांब बाक आणि दारावर पाटी — 'सर्वांसाठी खुले'. अक्षरं मीच रंगवलेली. वय तेवीस, मॅट्रिक तिसऱ्या खेपेला पास, आणि तालुक्यात आपल्याइतका हजरजबाबी दुसरा नाही अशी पक्की खात्री. दर रविवारी सकाळी मी बालवाचन घ्यायचो. सतरंजीवर तीसेक पोरं, आणि मी आवाज बदलून बदलून वाचतोय — राजा, राक्षस, राक्षसाची आई. ते मला छान जमायचं. तेवढं एक जमायचं.

पोरं सतरंजीवर. आणि खिडकीबाहेर आणखी सात-आठ जण, गज धरून उभे. बौद्धवस्तीतले. त्यांना आत यायला कुणी मना केलं होतं? कुणीच नाही. मी 'या' म्हटलं नव्हतं, इतकंच. गावात जे चालत नाही ते वाचनालयात कसं चालेल, हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच ठरवून टाकलं. असल्या बाबतीत मी फार हुशार.

त्या खिडकीत सुजाता असायची. अकरा वर्षांची, कडेवर धाकटा भाऊ, कारण आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. एका रविवारी मी एका मुलीची गोष्ट वाचायला घेतली. वादळात तिची होडी भरकटते, आणि ती स्वतःच सगळं सांगते — मी असं केलं, मी तसं केलं. डोलकाठी मोडली तिथे मी पुस्तक मिटलं. पुढच्या रविवारी मला कंटाळा आला आणि मी दुसरंच पुस्तक काढलं. पोरं सवयीची होती, कुणी काही बोललं नाही. वाचन संपल्यावर सुजाता दाराशी आली.

"मास्तर, ते होडीचं पुस्तक द्या की. वाचून आनून देते."

पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. हात मागे केला असता तर लागलं असतं. मी म्हणालो, "बाइंडिंगला गेलंय."

"कुठं?"

"नगरला."

"नगरला कुनाकडं?"

"गुलाबभाईकडं. कापड बाजाराच्या मागं."

झालं, गुलाबभाई जन्माला आला. दर रविवारी सुजाता विचारायची आणि दर रविवारी मी नवं काहीतरी काढायचो. गुलाबभाईची खळ उंदरांनी खाल्ली. गुलाबभाई मेव्हण्याच्या लग्नाला गेला. बोकडाने पुठ्ठा चघळला, आता बोकडाला जुलाब होताहेत. बाकावरची मंडळी पेपर गुडघ्यावर ठेवून वाट बघायची. "काय रे, आज काय झालं गुलाबभाईला?" मी रंगात यायचो. सुजाता गंभीरपणे ऐकून घ्यायची, भावाला दुसऱ्या कडेवर घ्यायची आणि जायची. पुढच्या रविवारी परत. मला वाटायचं, भोळी आहे. भोळी? तिला खोटं पहिल्याच दिवशी कळलं असणार. पण विचारत राहण्यापलीकडे तिच्या हातात मी ठेवलं काय होतं?

मग एका रविवारी तिच्याबरोबर तिचा बाप आला. लक्ष्मण. तो नगरला असतो एवढं मला ठाऊक होतं. हमाली करत असेल असं मी धरून चाललो होतो. का धरलं होतं, ते विचारू नका. खांद्याला कापडी पिशवी. पायरीवरच उभा राहिला आणि नमस्कार करून म्हणाला, "मास्तर, मी नगरला छापखान्यात बांधनीचं काम करतो, चौदा वर्सं झाली. तुमचा गुलाबभाई लई हुडकला. गावला न्हाई."

इथे माझा किस्सा संपतो. इथे पंगत हसते. पुढे काय झालं असं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, पुढे काय, माझं तोंड बघण्यासारखं झालं!

पुढे हे झालं.

लक्ष्मण चिडला नव्हता. म्हणाला, "धंदा सोडून गेला आसंल त्यो. जे काय फाटलंय ते माझ्याकडं द्या. हौसेनं करून देतो." बघा — मला सुटायला वाट त्यानेच करून दिली. मी फक्त म्हणायचं होतं, चुकलो हो, हे घ्या पुस्तक. मी म्हणालो, "न बांधताच परत पाठवलंय त्याने, आणतो," आणि कपाटाच्या आड गेलो. पुस्तक धडधाकट होतं. बाइंडिंगला गेलेलं पुस्तक धडधाकट कसं दाखवणार? मी ते गुडघ्याखाली धरलं आणि पुठ्ठा ओढून काढला. पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड घेऊन शिवण कापली. शेवटची सोळा पानं सुटून हातात आली. बाहेर कुणीतरी खाकरलं. मी ती पानं सदऱ्यात कोंबली, आणि सोंग पुरं वाटावं म्हणून खरोखर फाटलेली आणखी वीस पुस्तकं उचलून बाहेर आलो.

लक्ष्मणने पायरीवर बसून ते पुस्तक उघडलं. कण्यावरून अंगठा फिरवला. "शिवन जुनी झाली का दोरा पिंजतो, मास्तर. ह्यो तर..." त्याने माझ्याकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं, आणि वाक्य तिथेच सोडलं. "शेवटचं जुज न्हाई," एवढंच म्हणाला. सोळा पानांच्या घडीला ती माणसं जुज म्हणतात.

"तसंच आलं होतं आमच्याकडे," मी म्हणालो. श्वास घेतला की सदऱ्यात कागद कुरकुरत होता.

दोन आठवड्यांनी, रविवारी, लक्ष्मण एकवीस पुस्तकं परत घेऊन आला. कोपऱ्यांना कापड, कण्यावर पट्टी, पट्टीवर सुबक अक्षरात नावं. त्यातली काही पुस्तकं मी निवृत्त होईपर्यंत गावातली पोरं नेत होती. शिवण सुटली नाही. होडीच्या पुस्तकाला शेवटी त्याने सोळा कोरी पानं शिवली होती. "ह्येच पुस्तक दुसरीकडं गावलं तर हितं उतरून घ्या," म्हणाला. माझ्या घरी ट्रंकेत ती पानं पडली होती. घर तीन मिनिटांवर.

सुजाताने आदल्या रात्रीच घरी पुस्तक होतं तेवढं वाचून काढलं होतं. ती म्हणाली, "मास्तर, शेवट तोंडी तरी सांगा."

बाकावर सात-आठ जण होते. एकजण ओरडला, "सांग की! न्हाईतर गुलाबभाईला इचारून सांग!" हशा. शेवट मी तरी कुठे वाचला होता? पण मला ठाऊक नाही, हे त्या सगळ्यांपुढे कसं म्हणणार? मी म्हणालो, "बुडाली. मेली. संपली गोष्ट."

सुजाताने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मरंल कशी? तीच सांगतीय न्हवं गोष्ट?"

बाक गडगडून हसला. या खेपेला मला. टाळ्यासुद्धा पडल्या. आयुष्यभर लोकांना हसवून जगलेला माणूस मी — आणि स्वतःवर पडलेलं एक हसू, एका पोरीमुळे, मला सोसलं नाही. मी टेबलावर हात आपटला. "कमिटीचा ठराव झालाय. वस्तीतल्या पोरांना पुस्तक द्यायचं नाही, आणि खिडकीतही उभं राहायचं नाही. अण्णांनी स्वतः सांगितलंय." अण्णा म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष.

असा ठराव नव्हता. अण्णांना मी कधी काही विचारलंसुद्धा नव्हतं. बाकावरच्या दोघांना हे पक्कं माहीत होतं, कारण ते दोघे कमिटीवर होते. दोघांनी पेपर वर उचलले आणि तोंडापुढे धरले. त्यांचा मला अजून राग येतो. येऊ दे. पण बोललो मी होतो.

"अण्णा म्हनले आसं?" लक्ष्मणने विचारलं.

"हो."

त्याने पुस्तकांची चळत सरळ केली, सगळे कणे एका रेषेत आणले, पिशवी उचलली. सुजाता रडली नाही. रडेल म्हणून मी बघत होतो — हेही सांगायला हवं. ती भावाला घेऊन बापाच्या पुढे चालू लागली. खिडकीतली बाकीची पोरंही मागोमाग गेली. त्यानंतर एकही आलं नाही.

दुपारी घरी मी ती सोळा पानं काढून वाचली. मुलगी मोडक्या फळीने वल्हवत किनाऱ्याला लागते. वाचून झाल्यावर पानं चुलीत घालून पेटवली, आणि चहा केला.

दुसऱ्या दिवशी अण्णा वाचनालयात आले. बांधलेली पुस्तकं एकेक करून हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "त्या बांधणीवाल्याच्या पोरीला कार्ड दिलंस ना? पुस्तकं बांधून देतोय असं कळलं, तेव्हा शनिवारीच सही करून तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. माणसानं एवढं काम केलं आपलं."

ड्रॉवर मी उघडलाच नव्हता. वस्ती समोर दिसत होती, ओढ्यापलीकडे. कार्ड घेऊन चालत गेलो असतो तरी पाच मिनिटं लागली असती.

मी म्हणालो, "देत होतो, अण्णा. बापानंच नको म्हटलं."

अण्णांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "चांगलं करायला जावं, तर ही माणसं अशी."

"हो ना," मी म्हणालो.